कागदावर उणा असलेला फोन : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

३० मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याला, मी जो फोन घेतला तो माझ्या आधीच्या फोनपेक्षा कागदावर जवळजवळ प्रत्येक बाबतीत उणा होता. आधीच्या फोनचा कॅमेरा १०८ मेगापिक्सेलचा होता, याचा ५० मेगापिक्सेलचा आहे. त्यात ८ जीबी रॅम (चालू ॲपसाठीची तात्पुरती, वेगवान जागा) होती, यात ६ जीबी आहे. त्याचा पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा होता, याचा ९० हर्ट्झचा आहे. आणि डब्यातच मिळालेल्या ६७ वॅटच्या चार्जरच्या जागी आता २५ वॅटचा चार्जर आला, तोही वेगळे पैसे मोजून. किंमत मात्र दोन्हींची जवळपास सारखीच. दुकानात धाकट्या भावाने दोन्ही याद्या शेजारी-शेजारी धरून, "ताई, तेवढेच पैसे देऊन कमी का घेतेस?" असे विचारले, तेव्हा त्याला पटेल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते. अकरा महिन्यांनंतर ते आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

दोन्ही फोनांची नावे मी देणार नाही. मॉडेले वर्षभरात बाजारातून दिसेनाशी होतात, आणि मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही कंपनीचा फोन निवडताना उपयोगी पडावे अशी इच्छा आहे. माझा वापर कसा आहे हे मात्र सांगायलाच हवे, कारण वापर सांगितल्याशिवाय फोनविषयीचे मत अर्धवट राहते. मी मंगळवेढा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि आमच्या घरी ज्वारीची शेती आहे. पालकांचे फोन, वर्गाचे व्हॉट्सॲप गट, शाळेची ऑनलाइन भरावयाची माहिती, मराठीतून बरेचसे लेखन, यूपीआयचे व्यवहार आणि हंगामात शेताची ई-पीक पाहणी (पिकाची सरकारी ॲपवर करायची नोंद), एवढे माझे काम फोनवर चालते. मी खेळ खेळत नाही. भाऊ खेळतो, तासन्‌तास खेळतो, आणि त्याच्यासाठी प्रोसेसरची ताकद हाच पहिला निकष असणे योग्य आहे. त्याची निवड चुकीची आहे असे माझे म्हणणे नाही.

सुरुवात उन्हापासून करते, कारण आमच्या भागात ती तिथूनच व्हायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि रब्बीतही दुपारचे ऊन लखलखीत असते. आधीच्या फोनच्या पडद्यावर घरात बसून मजकूर सरकवताना खरोखर छान वाटत असे. १२० हर्ट्झ ही भूलथाप नाही, डोळ्यांना तो फरक कळतो. परंतु त्या एलसीडी पडद्याचा कमाल उजेड सुमारे ४५० निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) होता, आणि शेतात उभे राहिल्यावर त्यावर माझ्या स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नसे. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. तिच्यासाठी शेतात जाऊन, अक्षांश-रेखांशासह पिकाचा फोटो ॲपमध्ये नोंदवावा लागतो. ओढणीचा आडोसा करून, वडिलांना उन्हाच्या बाजूला उभे करून मी ती नोंद केलेली आहे. नव्या फोनचा ॲमोलेड पडदा उन्हात १००० निट्सपर्यंत उजळतो आणि गट क्रमांक, क्षेत्र, पिकाचे नाव हे सारे वाचता येते. १२० हा आकडा डब्यावर ठळक अक्षरांत छापलेला होता. ४५० हा आकडा डब्यावर कुठेच नव्हता. तो मला फार उशिरा, कंपनीच्या संकेतस्थळावर शोधल्यानंतर सापडला.

त्याच कामातली दुसरी अडचण स्थानाची होती. आधीच्या फोनवर आमचा ठिपका कधी बांधावर, तर कधी शेजाऱ्यांच्या गटात जाऊन बसे, आणि तो जागेवर येईपर्यंत वाट पाहत उभे राहावे लागे. नव्या फोनला उपग्रहांचे संकेत एल१ आणि एल५ अशा दोन वारंवारतांवर घेता येतात, आणि त्यामुळे ठिकाण अधिक अचूक कळायला मदत होते. उपग्रहांवरून ठिकाण सांगणारी इस्रोची नाविक प्रणालीही एल५ वापरते. सुधारणेचे सगळे श्रेय मी त्या एका सोयीला देणार नाही, कारण अँटेना फोनमध्ये कोठे आणि कशी बसवली आहे यावरही बरेच अवलंबून असते. पण या वर्षी खरीप आणि रब्बी अशा दोन्ही नोंदी पहिल्याच खेपेस झाल्या. दोन्ही फोनांच्या माहितीपत्रकात या जागी एकच शब्द होता : जीपीएस.

असाच एक शब्द आणखी आहे, प्रॉक्सिमिटी सेन्सर. फोन कानाला लावला की पडदा विझावा, यासाठी पूर्वी सर्रास अवरक्त किरणांचा छोटा संवेदक बसवलेला असे. अलीकडे अनेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या फोनांत तो गाळून ते काम ध्वनिलहरी आणि सॉफ्टवेअर यांच्यावर सोपवले जाते, आणि यादीत तरीही 'आहे' असेच लिहिले जाते. माझ्या आधीच्या फोनमध्ये हीच रचना होती. पालकांशी बोलत असताना गालाचा स्पर्श होऊन आवाज बंद व्हायचा, आणि पलीकडचे गृहस्थ "मॅडम, ऐकू येतंय का?" असे विचारत राहायचे. मुलाच्या गैरहजेरीविषयी किंवा घरच्या अडचणीविषयी नाजूक बोलणे चालू असताना असे चार वेळा झाले, तर समोरच्या माणसाचा धीर सुटतो. फोनचे पहिले काम फोन करणे हे आहे, आणि त्या कामाची गुणवत्ता सांगणारा एकही आकडा माहितीपत्रकात नसतो, याचे मला अजूनही वाईट वाटते.

आता रॅमविषयी. आधीच्या फोनवर '८ + ५ जीबी' असे लिहिलेले होते. त्यातले वरचे ५ जीबी म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा होती, आणि स्टोरेज कितीही चांगले असले तरी ते रॅमच्या वेगाच्या जवळपासही जात नाही. शिवाय जी खरी रॅम होती तिचा उपयोग मला पुरता मिळाला नाही, कारण बॅटरी वाचवण्यासाठी तो फोन मागे चालू असलेली ॲप फार तत्परतेने बंद करत असे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत एका मुलीचे भाषण मी ध्वनिमुद्रित करायला लावले. पडदा विझला आणि काही मिनिटांत मुद्रण थांबले. तिला ते पुन्हा ऐकवता आले नाही. व्हॉट्सॲपचे संदेश पडदा उघडल्यावर एकदम येत. सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक ॲपला सवलत देता येत होती, मी ती देतही होते, पण मोठा अपडेट आला की सगळे पूर्ववत. नव्या फोनची ६ जीबी रॅम मी कधी मोजायला गेले नाही, कारण मोजण्याची वेळ आली नाही. ॲपल कंपनी तर आयफोनच्या तांत्रिक तपशिलांत रॅम किती आहे हे सांगतच नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेले दिसत नाही.

स्टोरेजच्या बाबतीत मात्र मी तपशिलांच्या बाजूने बोलेन, कारण इथे तपशील खरोखर महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच दडवला जातो. दोन्ही फोनांवर '१२८ जीबी' असेच लिहिलेले आहे. पण स्वस्त फोनांत अजूनही ईएमएमसी प्रकारचे स्टोरेज आढळते, ते सेकंदाला साधारण २५० ते ३०० एमबी वेगाने वाचले जाते, यूएफएस २.२ प्रकारचे त्याच्या तिपटीने किंवा अधिक वेगाने. फोन नवा असताना हे जाणवत नाही. दीड-दोन वर्षांनी, फोटो आणि व्हॉट्सॲपचा साठा वाढल्यावर, गॅलरी उघडताना जो क्षणभर पांढरा पडदा दिसू लागतो तो बऱ्याचदा या फरकातून येतो. जो आकडा माणसे विचारतात तो जागेचा असतो. अनुभव ठरवणारी गोष्ट मात्र प्रकाराची असते.

मराठी लिहिण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण मराठी वाचकाने फोन निवडताना हे पाहायलाच हवे आणि इंग्रजी परीक्षणांत याचा उल्लेखही नसतो. आधीच्या फोनवर कंपनीचाच कळफलक बसवलेला होता. त्यात 'ॲ' हे अक्षर सरळ मिळत नसे. 'दऱ्याखोऱ्या' लिहायला गेले की 'दर्याखोर्या' उमटे, आणि अर्थ बदलतो हे मुलांना शिकवणाऱ्या बाईच्याच संदेशात ती चूक दिसे. कळफलक बदलून हे सुटले. न सुटलेली गोष्ट अक्षरांची होती. वडिलांना वाचता यावे म्हणून अक्षर मोठे केले, की त्या फोनच्या मेनूंमध्ये वरचे रफार आणि अनुस्वार कापले जात, खालचे उकार अर्धे दिसत, कारण ओळीची उंची रोमन अक्षराच्या मापाने बांधलेली होती. सेटिंगची भाषा मराठी केल्यावर निम्मे शब्द मराठीत, निम्मे इंग्रजीत. नव्या फोनमध्ये भाषा मराठी ठेवली की 'ल' आणि 'श' हेदेखील मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही. ही बाब किरकोळ वाटेल, परंतु फोन बनवणाऱ्या कोणीतरी आपली भाषा वापरणाऱ्या माणसाचा विचार केला आहे, ही खात्री मला त्या दोन अक्षरांनी दिली.

कॅमेऱ्याच्या आकड्यांमागचे गणित समजून घेतले तर बराचसा मोह कमी होतो. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात शेजारचे ९ पिक्सेल मिळून १ करतो, म्हणजे फोटो १२ मेगापिक्सेलचा निघतो. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा ४ मिळून १ करतो, म्हणजे तो १२.५ चा निघतो. हाती येणारा फोटो दोन्हींत सारखाच मोठा. आयफोनचा मुख्य कॅमेरा २०१५ च्या ६एस पासून २०२२ च्या आयफोन १४ पर्यंत १२ मेगापिक्सेलचाच होता. गूगलने २०१६ मध्ये 'पिक्सेल' नावाचा आपला पहिला फोन आणला, त्याचाही कॅमेरा १२.३ मेगापिक्सेलचा होता. लागोपाठ घेतलेल्या अनेक चित्रांना एकत्र करून चांगला फोटो घडवणे हे काम त्याचे सॉफ्टवेअर करत होते, आणि त्याच्या फोटोंची ख्याती आकड्यामुळे झालेली नव्हती. माझ्या दोन फोनांतला फरक बटण दाबल्यानंतरच्या क्षणात आहे. कबड्डीत चढाई करणारी मुलगी आधीच्या फोनवर रेषेच्या पलीकडे गेल्यावर टिपली जायची, आणि तीही पुसट. नव्यात भिंग स्थिर ठेवणारी ओआयएस यंत्रणा आहे आणि बटणाला प्रतिसाद ताबडतोब मिळतो. 'तीन कॅमेरे' या मोजणीतले दोन कॅमेरे २-२ मेगापिक्सेलचे होते. दोन वर्षांत त्यांचा उपयोग मी कशासाठी केला हे मला आठवत नाही.

हे सगळे लिहिताना माझ्या मनात सारखा माझा पहिला स्मार्टफोन येतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये मोटो जी फ्लिपकार्टवरून भारतात विक्रीला आला. १ जीबी रॅम, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि ८ जीबी स्टोरेजच्या फोनची किंमत १२,४९९ रुपये. त्याच पैशांत त्याहून मोठ्या आकड्यांचे फोन मिळत होते. तरीही तो तीन वर्षे माझ्या हातात विनातक्रार राहिला. इतका स्पष्ट अनुभव गाठीशी असताना २०२२ च्या दसऱ्याला मी पुन्हा यादी वाचून फोन घेतला, कारण यादी तुलना करायला सोपी असते आणि वापर दुकानात दिसत नाही.

नव्या फोनच्या उणिवाही सांगते. ६७ वॅटचे चार्जिंग मला रोज आठवते. गावात वीज ठरल्या वेळी येईलच असे नाही, आणि वीस मिनिटांत निम्मी बॅटरी भरणे ही इथे चैन नव्हे, गरज आहे. आता पूर्ण भरायला दीड तास लागतो. मे महिन्यात हॉटस्पॉट चालू ठेवला की फोन तापतो आणि पडद्याचा उजेड आपोआप कमी करतो, म्हणजे ज्या उजेडासाठी घेतला तोच ऐन गरजेच्या वेळी थोडा आटतो. स्पीकर एकच आहे आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचत नाही. मेमरी कार्डाची सोय नाही.

अपडेटच्या मुदतीला मी या खेपेस सर्वांत जास्त वजन दिले. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलक्सी एस२४ साठी सात वर्षांचे आश्वासन दिले, आणि युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून, फोनची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट देण्याचे बंधन घातले आहे. माझ्या किमतीच्या फोनांत एवढी मुदत मिळाली नाही. चार वर्षांची मिळाली, ती कंपनीच्या संकेतस्थळावर लेखी पाहूनच मी पैसे दिले. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार होतात, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळणे मला १०८ मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाचे वाटते.

गेल्या महिन्यात वडिलांसाठी फोन घ्यायचा ठरले, तेव्हा भाऊ पुन्हा बरोबर होता. या वेळी आम्ही दुकानदाराची परवानगी घेऊन प्रदर्शनातला फोन दाराबाहेर उन्हात नेला, त्याच्यात आमचे सिम घालून घरी फोन लावला आणि कानाला लावल्यावर पडदा विझतो का ते पाहिले, अक्षर सर्वांत मोठे करून मराठी मेनू उघडला, 'सातबाऱ्यावर नोंद' एवढे शब्द लिहून बघितले आणि वडिलांच्या राठ बोटाचा ठसा त्याला ओळखता येतो का हे तीन वेळा तपासले. दोन फोन बोटाच्या ठशावर अडले. ते पडद्याखालच्या संवेदकाचे, महागडे होते. बाजूच्या बटणात संवेदक असलेला तिसरा, ४ जीबी रॅमचा फोन वडिलांच्या हातात पहिल्याच स्पर्शाला उघडला. भावाने यादी पाहिली, एकदा वडिलांकडे पाहिले आणि पैसे द्यायला तोच पुढे झाला.