46,500 चं 'टूरिंग पॅकेज' आणि पिवळा रंग मारलेली स्प्रिंग. नागपूरच्या रायडर लोकांनी वाचाच

गोष्ट ऑक्टोबर 2024 ची आहे, बाईकला लांबच्या प्रवासाचं सामान लावून देतो म्हणून एका दुकानाने मला फसवलं त्याची. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण गेल्या आठवड्यात कंपनीच्या पार्किंगमध्ये एका पोराच्या गाडीला अगदी तशीच पिवळी स्प्रिंग दिसली, विचारलं तर त्यानेही त्याच दुकानातून काम करून घेतलेलं, म्हणून आज रात्री बसून सगळं टाईप करून राहिलो आहे. लांबलंय, पण पूर्ण वाचा, तुमचे पैसे वाचतील.

माझी रॉयल एनफिल्डची हिमालयन 411, बीएस 6 वाली, 2021 चं मॉडेल. मी मानेवाड्याला राहतो आणि नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत, म्हणजे रोजचं येणंजाणं पन्नास-साठ किलोमीटर, उन्हाळ्यात 45 डिग्रीत पण तीच गाडी आणि पावसात पण तीच. वर्षातून दोन-तीनदा मी आणि बायको बाहेर निघतो, पेंच, चिखलदरा, पचमढी असं. समृद्धीवर टू-व्हीलरला बंदी आहे, म्हणजे कुठेही जायचं तर आपल्याला जुनेच रस्ते, घाट आणि स्पीड ब्रेकर, त्यामुळे गाडी रोजच्या कामाला पण चालली पाहिजे आणि सामान लादून लांब पण गेली पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा होती. शोबाजी मला नकोच होती.

दुकानाचं नाव लिहीत नाही, शहरातलंच आहे, मोठं आहे, बाहेर नेहमी चार-पाच भारी गाड्या उभ्या असतात. मालक बोलायला एकदम गोड. मी गेलो तर चहा मागवला, गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "भाऊ, सस्पेन्शनच नरम आहे तुमचं. वहिनी मागे बसल्या आणि दोन्ही बाजूला बॉक्स लागले की गाडी बसून जाईल ना जी. हेवी ड्यूटी स्प्रिंग टाकून देतो, इम्पोर्टेड, मग बघा." मला ते पटलं, कारण मागे माणूस बसला की मोठ्या स्पीड ब्रेकरवर गाडी खरंच ठक् करून आपटायची. खरी अडचण ओळखून तो बोलला म्हणून माझा विश्वास बसला.

हिशोब असा ठरला: एसएस 304 चा (म्हणजे चांगल्या ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा) क्रॅश गार्ड 7,500, सॅडल स्टे (बॉक्स अडकवायची फ्रेम) आणि दोन बॉक्स 14,000, फॉग लाईटची जोडी वॉटरप्रूफ हार्नेस (वायरींचा संच) आणि रिलेसकट (लाईटचा जास्तीचा करंट बटणातून न नेता बाहेरून नेणारा स्विच) 6,800, स्प्रिंग 8,500 आणि दोन्ही टायर नवीन 9,700. एकूण 46,500. सायलेन्सर बदलायचा पण आग्रह करत होता, त्याला मी साफ नाही म्हटलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलम 182 अ मध्ये आहे, आणि आपल्या नागपुरात पोलिसांनी असले जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडलेत हे सगळ्यांना माहीत आहे.

30,000 ॲडव्हान्स दिला यूपीआयने. स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव न येता कोणा दुसऱ्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, "माझ्या साळ्याचा आहे नंबर, दुकानाचं खातं आज बंद आहे." बिल मागितलं तर पिवळ्या कागदावर पेनाने 'एस्टिमेट' लिहून दिलं, खाली फक्त 'हिमालयन फुल टूरिंग 46,500'. त्यावर दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, कुठला पार्ट कुठल्या कंपनीचा ते काही नाही. मी तो कागद घडी करून खिशात टाकला आणि ऑटोने घरी आलो. हे दोन्ही प्रकार डोळ्यासमोर घडले तेव्हाच मी तिथून गाडी घेऊन निघायला पाहिजे होतं, ते नाही केलं याचं आजही वाईट वाटतं.

गाडी सहा दिवस त्यांच्याकडे होती. मध्ये दोनदा जाऊन आलो तर "आत काम चालू आहे, कस्टमरला आत अलाऊड नाही" म्हणून बाहेरूनच परत पाठवलं. सातव्या दिवशी गाडी मिळाली. दिसायला खरंच मस्त दिसत होती. पिवळीधमक स्प्रिंग, चकचकीत गार्ड, काळे टायर पॉलिश मारलेले. मी सीट उघडून रिले बघायला मागितला, त्याने दाखवला, काळा चौकोनी डबा झिप टायने बांधलेला होता, वायरींचा जुडगा टेपमध्ये गुंडाळून त्याच्या मागे खोचलेला. "टेन्शनच घेऊ नका भाऊ." उरलेले 16,500 दिले. जुने टायर मागितले, ते अर्धेही घासलेले नव्हते, तर म्हणाला भंगारात गेले.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही पचमढीला निघालो. माझी हाफ डे होती म्हणून निघायलाच चार वाजले, सावनेर, सौंसर करत सिल्लेवानी घाटात पोचलो तर पूर्ण अंधार. फॉग लाईट अर्ध्या-पाऊण तासापासून चालू होते. घाटात एक वळण घेताना डाव्या हाताच्या अंगठ्याने लाईटचं बटण दाबायला गेलो तर बटण गरम आणि नरम, मेणासारखं आत दबलं आणि तसंच राहिलं. दुसऱ्या सेकंदाला जळक्या प्लास्टिकचा वास. बायको मागून ओरडली की धूर निघून राहिला आहे. गाडी बाजूला घेतली, चावी बंद केली तरी फॉग लाईट चालूच, म्हणजे कनेक्शन सरळ बॅटरीवरून होतं आणि बटण आतून वितळून चिकटलं होतं. मी हाताने टाकीजवळची वायर ओढली, बोटाला चटका बसून फोड आला, वायर तुटली तेव्हा कुठे लाईट बंद झाले. टाकीत त्या वेळी दहा लिटरच्या वर पेट्रोल असेल. बायको रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती आणि तिचे हात थरथरत होते, ते मी विसरू शकत नाही.

एका संत्र्याच्या पिकअपवाल्याने आमची गाडी पिकअपमध्ये चढवून आम्हाला परत सौंसरला आणून सोडलं. तिकडचे लोक मराठीच बोलतात, लॉजवाल्याने रात्रीच मिस्त्रीला फोन करून ठेवला. सकाळी मिस्त्री काका आले, साठीचे असतील. त्यांनी सीट काढली, तो रिले धरून हलकेच ओढला आणि तो त्यांच्या हातातच आला. पूर्ण मोकळा. रिलेला चार पिना असतात, 30, 85, 86, 87 असे आकडे बाजूला छापलेले असतात. 30 ला फ्यूजमधून बॅटरीची वायर, 87 वरून लाईटला, आणि 85-86 वर फक्त बटणाचा बारीक करंट. माझ्या रिलेच्या चारही पिना कोऱ्या, एकीवर पण ओरखडा नाही. मागे खोचलेला वायरींचा जुडगा म्हणजे दोन्हीकडून कापलेले तुकडे होते. मला दाखवायला बांधून ठेवलेला डबा होता तो.

खरं वायरिंग कसं होतं, तर बॅटरीपासून एक बारीक वायर सरळ हँडलच्या बटणात आणि तिथून लाईटला. मध्ये फ्यूज नाही. काका म्हणाले, "60-60 वॅटचे दोन लाईट, 120 झाले, बाराने भागा, दहा अँपिअर झाला. शंभर रुपयाचं बटण दहा अँपिअर कुठून सोसते? अन फ्यूज नाही तं थांबवणार कोण?" मी तिथेच उभा राहून सगळ्याचा व्हिडीओ काढला, हे एक बरं केलं.

मग त्यांनी गाडी धुवायला घेतली, कारण मागचं काही दिसत नव्हतं. प्रेशरचं पाणी स्प्रिंगवर पडलं आणि पिवळा रंग पापुद्र्यासारखा सुटायला लागला. मी खाली बसलो आणि नखाने खरवडलं. पिवळ्याच्या खाली जुना कंपनीचा रंग, त्यावर चिखलाचे जुने डाग, त्याच्यावरच स्प्रे मारलेला. स्प्रिंग बदललीच नव्हती. वरची प्रीलोडची रिंग (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी) फक्त आवळून टाकली होती, त्यामुळे पहिले काही दिवस गाडी कडक वाटली आणि मी समजत राहिलो की इम्पोर्टेड स्प्रिंग काम करून राहिली आहे. ती रिंग आवळायला हुक पाना लागतो आणि पाच-दहा मिनिटं. त्याचे मी 8,500 दिले. लाईटपेक्षा मला याचा जास्त राग आला, कारण तिथे निष्काळजीपणा तरी म्हणता येईल, पण स्प्रेचा डबा हातात घेऊन एकेका वेढ्यावर रंग मारणारा माणूस पूर्ण शुद्धीत चोरी करत असतो.

पचमढी रद्द. घरी आल्यावर एकेक गोष्ट तपासली. फ्रीजवरचं चुंबक काढून क्रॅश गार्डला लावलं, टक्कन चिकटलं. 304 च्या पाईपला चुंबक धरत नाही, वेल्डिंगजवळ थोडंफार ओढेल तेवढंच. म्हणजे साधं लोखंड, वरून क्रोम. आणि हेही सांगतो, चुंबक चिकटलं नाही म्हणजे 304 च असं पण नाही, कारण स्वस्तातलं 202 पण चुंबक धरत नाही आणि ते गंजतं लवकर, म्हणून ग्रेड बिलावर लिहूनच घ्या. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. माझ्या मागच्या टायरवर 1118, म्हणजे 2018 चा अकरावा आठवडा. 'फ्रेश स्टॉक' म्हणून मला साडेसहा वर्षं जुनं रबर विकलं. हात फिरवला तर पॉलिशखाली बारीक भेगा लागत होत्या. आणि माझे चांगले टायर ह्याने नक्कीच दुसऱ्या कोणाला तरी विकले असणार. बॉक्स आणि सॅडल स्टे तेवढे ठीक निघाले, ते अजून गाडीवर आहेत.

दुकानात गेलो. आता चहा नाही, काही नाही. "तुम्ही बाहेरच्या मिस्त्रीकडून वायरिंग उघडलं, आमची जबाबदारी संपली." स्प्रिंगचं विचारलं तर, "आम्ही स्प्रिंग ट्रीटमेंट म्हटलं होतं, नवीन कुठं म्हटलं?" कागदावर काय लिहिलंय, 'फुल टूरिंग'. त्या कागदावरून दाखवता येईल असं काहीच नाही. पैसे पण साळ्याच्या खात्यात गेलेले, तर तो म्हणतो आमच्या दुकानात तुमचे पैसे आलेच नाहीत.

1915 ला फोन केला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत पण बोलतात. तक्रार नोंदवली, मग वकील मित्राने एक साधी नोटीस लिहून दिली, रजिस्टर्ड एडीने पाठवली, सोबत व्हिडीओमधले फोटो, यूपीआयचा स्क्रीनशॉट, आणि व्हॉट्सॲपवर दुकानवाल्यानेच पाठवलेला 'एसएस 304, रिले हार्नेस, न्यू स्प्रिंग' असा मेसेज. हा मेसेज मी डिलीट केला नव्हता म्हणून वाचलो. वीस दिवसांनी त्याचा फोन, 6,800 परत करतो, विषय संपवा. लाईटचे पैसे घेतले, पण 'माझी तक्रार नाही' असं लिहून मागत होता ते दिलं नाही.

गाडीचं वायरिंग नंतर इथल्याच एका इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, समोर स्टूल टाकून बसलो. 30 अँपिअरचा रिले, बॅटरीला लागूनच 15 चा फ्यूज, जाड वायर, जोडावर टेप न लावता हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी), आणि रिलेचं ट्रिगर चावीनंतरच्या लाईनवरून, म्हणजे चावी बंद तर लाईट बंद. मजुरीसकट 1,400 रुपये. एवढंच काम होतं ते.

तुम्ही कुणी काम द्यायला निघाला असाल तर काढलेला प्रत्येक जुना पार्ट गाडीसोबत परत मागा आणि हे आधीच सांगून ठेवा, सीटखालचं वायरिंग ओढून बघा, टायर बसवायच्या आधी आकडे वाचा, आणि पैसे बिलावर जे नाव आहे त्याच खात्यात टाका. गाडी ठेवून यायचा आग्रह झाला आणि आत बघू देत नसतील तर परत या.

पार्किंगमधल्या त्या पोराला मी एवढंच म्हटलं की नखाने खरवडून बघ. त्याला आधी विश्वास बसेना. परवा रात्री साडेदहाला त्याचा फोटो आला, बोटावर पिवळा पापुद्रा आणि मागे त्याच्या गाडीची स्प्रिंग, मूळच्याच रंगाची. त्याच्याकडेही 'एस्टिमेट'चा तसाच पिवळा कागद आहे, आणि पैसे त्याच साळ्याच्या नंबरवर गेलेले आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, माझी मुदत अजून शिल्लक आहे. या रविवारी तो माझ्याकडे येऊन राहिला आहे, दोघांचे कागद एकत्र लावायला.