मीटरवर १४.४ व्होल्ट दाखवून केलेली फसवणूक

मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांच्या छोट्या शिडाच्या बोटी आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं. पावसाळ्यात बोट वर काढलेली असताना तिच्या चार्जिंगचं काम करून देतो म्हणून एकाने आमच्याकडून १,८०,००० रुपये घेतले आणि जुना माल रंगवून बसवून दिला. नुसता पैशांचा प्रश्न असता तर गप्प बसलो असतो. पण अशा कामामुळे भर समुद्रात, रात्रीच्या वेळी माणसं अडचणीत येतात.

बोट २८ फुटी. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्यावर मूळचा ५५ अ‍ॅम्पियरचा अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) आणि लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या. ऑटोपायलट, चार्ट प्लॉटर (समुद्राचा नकाशा आणि बोटीची जागा दाखवणारा पडदा), छोटा फ्रीज आणि रात्री नांगर टाकल्यावर लावायचा दिवा, एवढा भार. दिवसभर शिडावर गेलो की संध्याकाळी बॅटरी अर्धी उतरलेली असायची, आणि तासभर इंजिन चालवूनही भरायची नाही. यात नवल काही नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी जसजशी भरत जाते तसतसा ती करंट कमी घेते, त्यामुळे शेवटचा टप्पा फार रेंगाळतो. म्हणून मोठा अल्टरनेटर आणि लिथियम बॅटरी बसवायचं ठरवलं.

त्या माणसाचं कोटेशन अगदी रीतसर होतं. १०० अ‍ॅम्पियरचा नवा मरीन अल्टरनेटर, २०० अ‍ॅम्पियर-अवरची (म्हणजे १० अ‍ॅम्पियर २० तास देऊ शकणारी) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, मध्ये बॅटरीकडे जाणारा करंट मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जर, आणि कथिलाचा मुलामा असलेली मरीन वायर. डीसी-डीसी चार्जर का हवा, हेही त्याने नीट समजावून सांगितलं. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते, इंजिन हळू फिरत असलं की अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरतो, आणि अल्टरनेटर तापून जळतो. सगळं खरं. इतकं बरोबर बोलणाऱ्यावर कोणीही विश्वास ठेवला असता.

काम झाल्यावर त्याने इंजिन चालू केलं आणि पॅनेलवरचं व्होल्टमीटर दाखवलं. “साहेब, बघा, १४.४. आता दहा वर्षं बघायला नको.” खरी मेख इथे होती. बॅटरी तो किनाऱ्यावरच्या चार्जरने आधीच भरून घेऊन आला होता. हंडा भरलेला असेल तर नळाची धार करंगळीएवढी असली तरी पाणी काठालाच दिसतं. भरलेल्या बॅटरीवर कसलाही अल्टरनेटर १४.४ दाखवेल. आत करंट किती जातोय, हे व्होल्टमीटर सांगतच नाही.

मोसम सुरू झाल्यावर आम्ही दक्षिणेकडे निघालो. वारा पडला म्हणून हरिहरेश्वरच्या पुढे इंजिनवर चाललो होतो. अंधार पडल्यावर, दाभोळच्या अलीकडे, एकदम चार्ट प्लॉटर आणि व्हीएचएफ रेडिओ दोन्ही बंद पडले आणि इंजिनाच्या खोलीतून जळका वास आला. टोळकेश्वरचं दीपगृह दिसत होतं म्हणून दिशा सुटली नाही. पण दाभोळच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, तिथे रात्री अंदाजाने शिरणं शक्य नव्हतं. उजाडेपर्यंत बाहेरच थांबलो.

रत्नागिरीला मिरकरवाड्यात ट्रॉलरची कामं करणारे एक जुने वायरमन आहेत. त्यांनी अल्टरनेटर उतरवला आणि बोल्टच्या डोक्यावर नख फिरवलं. चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली पान्याने झिजलेले कोपरे दिसले. ‘मरीन’ लिहिलेलं स्टिकर उचकटलं, तर त्याखालचा नंबर ग्राइंडरने घासून काढलेला. “दादा, हा गाडीचा आहे. भंगारातून आणून रंगवलाय,” ते म्हणाले. मग त्यांनी वायर सोलली. कथिलाची वायर आत चांदीसारखी दिसते. ही साधी तांब्याची होती, आणि टोकापासून वीतभर आतपर्यंत हिरवी पडली होती.

डीसी-डीसी चार्जर बिलात होता, बोटीत नव्हताच. अल्टरनेटर थेट लिथियमला जोडलेला. बॅटरीची पेटी मी एका हाताने उचलली: १२ किलो. २०० अ‍ॅम्पियर-अवरची खरी पेटी साधारण २० ते २५ किलोंची असते. १० अ‍ॅम्पियरचा भार लावून तपासलं, तर नऊ तासही टिकली नाही. म्हणजे ९० अ‍ॅम्पियर-अवरसुद्धा नाहीत. सेल वापरलेले होते, सगळे सारखे नव्हते. त्यातला कमजोर सेल चार्ज होताना आधी वर गेला, बीएमएसने (धोका दिसला की बॅटरीची जोडणी कापणाऱ्या तिच्या आतल्या सर्किटने) बॅटरी तोडली, अल्टरनेटरच्या करंटला जायला जागा उरली नाही आणि व्होल्टेज एका झटक्यात उसळलं. त्यातच उपकरणं आणि अल्टरनेटरचे डायोड गेले.

काम ताब्यात घेताना काय करायचं ते सांगतो. बॅटरी आदल्या दिवशी अर्धी उतरवून ठेवायला लावा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) स्वतः न्या, कारण साधे क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरला तो लावून अर्धा तास इंजिन चालू ठेवा. अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा त्याच्या मिनिटाला साधारण ६,००० फेऱ्यांचा आणि थंड असतानाचा असतो, त्यामुळे पूर्ण १०० मिळणार नाहीत. पण तापल्यावर करंट २० अ‍ॅम्पियरपर्यंत घसरला तर पैसे देऊ नका. बेल्टही बघा. १० मिलिमीटरच्या एकाच व्ही-बेल्टवर कोणी १०० अ‍ॅम्पियरचा वायदा करत असेल, तर तिथेच विचारा. बेल्ट घसरून काळी भुकटी पडते, ती पुलीखाली बोट फिरवलं की हाताला लागते.

बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहा. आमच्या बिलावरचा क्रमांक दुसऱ्याच धंद्याचा निघाला. फसला असाल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आमची तक्रार दाखल केली आहे. उतरवलेला अल्टरनेटर, सोललेली वायर आणि बॅटरीच्या वजनाचा फोटो पुरावा म्हणून जपून ठेवलाय.

गेल्या पावसाळ्यात कोणाच्या बोटीवर असं काम झालं असेल, तर आधी इंजिनाच्या खोलीत उतरून डीसी-डीसी चार्जर किंवा अल्टरनेटरचं तापमान सांभाळणारा बाहेरचा रेग्युलेटर डोळ्यांनी शोधा. दोन्ही नसतील आणि वायर थेट लिथियमला गेली असेल, तर ती जोडणी बदलेपर्यंत बोट खाडीबाहेर काढू नका.