सोळा महिने, एक सबस्क्रिप्शन आणि सातव्या फेरीतले क्वार्टरबॅक

मी काही स्काऊट, म्हणजे संघांसाठी नवे खेळाडू हेरणारा, नाही. ओहायोतल्या कोलंबसला राहतो, दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो आणि ऑफिसातल्या बारा जणांच्या अमेरिकन फुटबॉलच्या डायनॅस्टी फँटसी लीगमध्ये माझा एक संघ आहे. फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ, गुण त्यांच्या खऱ्या कामगिरीवर. डायनॅस्टी म्हणजे एकदा घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षं आपलाच, त्यामुळे कॉलेजातून वर येणाऱ्या पोरांवर आधीपासून डोळा ठेवावा लागतो. चांगले क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारे, निवडीच्या पहिल्या दोन फेऱ्यांतच उडतात. मागे उरतो तो गाळ, आणि गाळात हात घालायची मला भारी खोड.

त्या खोडीपायी ऑगस्ट २०२४ मध्ये कॉलेज फुटबॉलचं फिल्म आणि आकडे देणारी एक पैसे भरून घ्यायची सेवा सुरू केली. नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे बरीच कुरकुर आहे. आता जानेवारी २०२६. दोन सीझन आणि मधला एक ड्राफ्ट (त्यात एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजातले खेळाडू क्रमाने निवडतात) पाहून झाला, तेव्हा काहीतरी लिहिण्याइतका वापर झालाय असं वाटतं.

मिळतं काय, तर उंचावरून घेतलेलं फिल्म, ज्यात मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. इथे त्याला ऑल-ट्वेंटी-टू म्हणतात. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे धावतो. स्नॅपच्या वेळी, म्हणजे बॉल खेळात येताना, बचावातले सगळ्यात मागचे खेळाडू (सेफ्टी) कुठे उभे होते आणि बॉल सुटेपर्यंत कुठे सरकले हे टीव्हीवर जवळपास दिसतच नाही, आणि क्वार्टरबॅकने नेमकं तेच वाचायचं असतं. म्हणजे टीव्हीवर आपण उत्तरपत्रिका बघत असतो, प्रश्नपत्रिका हातात नसते. सोबत गाळण्या आहेत: कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवे होते, क्वार्टरबॅकवर बचावाचा दबाव होता का, प्ले-ॲक्शन (पळायचं सोंग करून पास) होतं का, थ्रो किती लांब. पाहिजे ते निवडा, तेवढ्याच क्लिप एकामागोमाग येतात.

पहिल्या महिन्यात मी अक्षरशः वेडा झालो होतो. रात्री पोरं झोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा, ‘तिसरा डाऊन, सात यार्डांपेक्षा जास्त, दबाव असताना’ एवढं निवडायचं आणि स्पेसबार बडवत बसायचं. सहा सेकंदांची क्लिप. थांबव, मागे घे, पुन्हा. बायको एकदा पाणी प्यायला उठली, पाच मिनिटं मागे उभी राहिली आणि म्हणाली, “हा मुलगा मघापासून एकाच जागी पडतोय.” ते खरंच होतं. त्याच्यावर माझा शेरा काय असावा हे मला तिच्याकडून कळलं.

या नादाला माणूस लागतो तो चार-पाच नावांमुळे. टॉम ब्रेडी, २००० सालच्या ड्राफ्टमधला १९९ वा. डॅक प्रेस्कॉट, २०१६ चा १३५ वा. ब्रॉक पर्डी, २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा म्हणजे २६२ वा. टोनी रोमोला तर २००३ मध्ये कुणी निवडलंच नाही, आणि कर्ट वॉर्नर आयोवातल्या किराणा दुकानात रात्री फळ्यांवर माल लावत होता. असल्या कहाण्या वाचून आपल्याला वाटायला लागतं की खालच्या फेऱ्यांमध्ये सोनं पडलंय, फक्त वाकून उचलणारा पाहिजे. मी वाकलो. त्या पहिल्या मोसमात तीस-पस्तीस क्वार्टरबॅक नीट पाहिले असतील. सांगायला वाईट वाटतं, पण ज्यांच्याकडे दुर्लक्ष झालंय त्यांतल्या बहुतेकांकडे ते योग्य कारणाने झालंय. हात जेमतेम, पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) झाकला गेला की नजर खाली, पाय आधीच पळायच्या तयारीत. हे दाखवण्यासाठी पैसे घेणारी सेवा मला प्रामाणिक वाटली, जरी तिच्या जाहिरातीत ‘लपलेले हिरे’ असले तरी.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका आकड्याचा: दबाव आल्यावर किती टक्के वेळा सॅक, म्हणजे बॉल फेकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाणं. दबाव येणं बरंचसं त्याला वाचवणाऱ्या पुढच्या लाईनच्या हातात असतं, पण आलेल्या दबावाचा सॅक होऊ द्यायचा की बॉल टाकून द्यायचा, ही क्वार्टरबॅकची सवय. आणि सवय गावाला सोडून येत नाही, बॅगेतून सोबत येते. सॅम हाऊल नॉर्थ कॅरोलायनाकडून आला, २०२२ मध्ये १४४ वा गेला. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनने त्याला पूर्ण मोसम खेळवलं आणि तो ६५ वेळा सॅक झाला, लीगमध्ये सर्वाधिक. शेड्यूर सँडर्सला कोलोरॅडोत २०२३ मध्ये ५२ आणि २०२४ मध्ये ४२ वेळा पाडलं गेलं. त्याच २०२४ मध्ये त्याचे ७४ टक्के पास पूर्ण झाले होते. सगळे त्याला पहिल्या फेरीत धरून बसले होते. मी मात्र क्लिप पाहून वहीत लिहिलं होतं: ‘मागे मागे सरकतो, बॉल सोडत नाही, हाऊल आठवतो.’ एप्रिल २०२५ ला ग्रीन बेमध्ये तो घसरत घसरत गेला तो नेमका १४४ व्या नंबरवर. मी एकट्याने घरात टाळ्या वाजवल्या. हा निव्वळ योगायोग आहे हे मला कळतं, पण टाळ्या वाजवल्या.

या आकड्यावर आंधळेपणाने विसंबलात तर फसाल, हेही सांगतो. क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सचं एलएसयू या कॉलेजातलं हे प्रमाण वाईटच होतं. माझ्या गाळणीतून तो खाली पडला असता, आणि २०२४ चा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू तोच ठरला.

आकड्याला काय कळत नाही हे मला एका क्लिपने शिकवलं. १० जानेवारी २०२५, कॉटन बोल म्हणजे कॉलेज फुटबॉलचा उपांत्य सामना, ओहायो स्टेट विरुद्ध टेक्सस. आमचं गाव म्हणजे ओहायो स्टेटचंच गाव, त्यामुळे तो सामना पाहिला नाही असा माणूस इथे सापडणार नाही. टेक्सस २१-१४ ने मागे, पण बॉल गोललाईनपासून एका यार्डावर. दुसऱ्या डाऊनला त्यांनी बाजूला पळणाऱ्याकडे बॉल फेकला, म्हणजे टॉस दिला, आणि सात यार्ड मागे गेले. तिसऱ्याला पास अपूर्ण. चौथ्याला ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने टेक्ससचा क्वार्टरबॅक क्विन युअर्सच्या हातातून बॉल उडवला, उचलला आणि ८३ यार्ड पळत टचडाऊन केला. हे दोघे पूर्वी ओहायो स्टेटमध्ये एकाच खोलीत राहायचे. युअर्स २०२१ मध्ये शाळेचं शेवटचं वर्ष सोडून इथे आला होता, दोन स्नॅप खेळून टेक्ससला गेला.

टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं ते सॉयरचं धावणं. मी तो चौथा डाऊन इतक्या वेळा पाहिला की स्वप्नात यायला लागला. पण सेवेच्या तक्त्यात तो फक्त ‘दबाव: हो, सॅक: हो, फम्बल: हो’. एका यार्डावरून टॉस खेळून आठ यार्डांवर नेऊन ठेवलेला चौथा डाऊन क्वार्टरबॅकच्या खात्यावर चढतो. कोचचं खातं तिथे नाहीच. तेव्हापासून कुठलीही वाईट क्लिप पाहताना त्याआधीचे दोन डाऊन उघडून पाहायची सवय लावून घेतली. सेवेत ते करायला चार वेळा क्लिक करावं लागतं, आणि गाळणी लावलेली असेल तर ती पुसून जाते. सोळा महिन्यांत दोनदा लिहून कळवलं. उत्तर गोड आलं, काम झालं नाही.

ओहायो स्टेटचा विषय निघालाच आहे तर माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो. २०२३ मध्ये इथला क्वार्टरबॅक काईल मकॉर्ड. मिशिगनविरुद्ध शेवटच्या मिनिटाला त्याचा पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडला, सामना ३०-२४ ने गेला आणि कोलंबसमध्ये त्याचं नाव घेणं अवघड झालं. तो सिरॅक्यूजला गेला. त्याच्या जागी कॅन्सस स्टेटहून विल हाऊर्ड आला. तोही मिशिगनकडून १३-१० ने हरला, पण नंतर राष्ट्रीय विजेतेपद घेऊन आला. अंतिम सामन्यात तिसरा डाऊन आणि ११ यार्ड असताना त्याने रिसीव्हर जेरेमाया स्मिथला ५६ यार्डांचा पास दिला, त्यानंतर रस्त्यावर दोन वाजेपर्यंत हॉर्न वाजत होते. मी हाऊर्डला वहीत भरघोस गुण दिले. मकॉर्डला कमी, जरी त्याने सिरॅक्यूजमध्ये ४,७७९ यार्ड फेकून कॉन्फरन्सचा (कॉलेजांच्या गटाचा) विक्रम केला होता.

ड्राफ्टमध्ये मकॉर्ड १८१ वा, हाऊर्ड १८५ वा. एनएफएलच्या लेखी दोघांत चार नंबरांचा फरक, आणि तोही माझ्या उलट. मग मे महिन्यात मी शांतपणे हाऊर्डचं फिल्म पुन्हा लावलं, यावेळी स्मिथकडे गेलेले थ्रो वगळून. अशी गाळणी आहे, मीच कधी वापरली नव्हती. तो वाईट नाही, पण माझ्या वहीतला हाऊर्डही नाही. सांगलीला असताना आमचे शेजारी आपल्या गल्लीतल्या पोराला रणजीत घेत नाहीत म्हणून तणतणायचे, मी त्यांना हसायचो. तरी लीगमध्ये मी घेतला हाऊर्डच. ऑगस्टमध्ये पिट्सबर्गच्या सरावात स्नॅप घेताना त्याच्या हाताचं हाड मोडलं. ऑफिसात माझ्या डेस्कवर कुणीतरी बँडेजची गुंडाळी ठेवून गेलं.

आता खरी तक्रार. ज्यांच्यासाठी ही सेवा घ्यायची, नेमकी त्यांचीच फिल्म तिच्यात अपुरी आहे. मोठ्या कॉन्फरन्सचे सामने दोन दिवसांत येतात. छोट्या कॉलेजांचे, म्हणजे एफसीएसचे, कधी पंधरा दिवसांनी, कधी नुसतं टीव्हीचं रेकॉर्डिंग, कधी ‘लवकरच’ अशी पाटी. ६ जानेवारी २०२५ ला टेक्ससमधल्या फ्रिस्कोत एफसीएसचा अंतिम सामना झाला. नॉर्थ डकोटा स्टेटने मोंटाना स्टेटला ३५-३२ ने हरवलं. दोन्ही क्वार्टरबॅक, कॅम मिलर आणि टॉमी मेलट, पुढे एकाच संघाने, रेडर्सनी घेतले. मेलट २१३ वा, मिलर २१५ वा, आणि मेलटला तर रिसीव्हर करण्यासाठी. हे दोघे मला फेब्रुवारीत नीट पाहायचे होते. मोसमातले निम्मे सामनेही पूर्ण मिळाले नाहीत. क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड २०२५ च्या ड्राफ्टमधला पहिला ठरला, पण त्याची सुरुवात इन्कार्नेट वर्डसारख्या कॉलेजातून झाली होती, कारण शाळेत त्याचा संघ पास कमी आणि पळणं जास्त खेळायचा आणि कुणी त्याला विचारलंच नव्हतं. पुढचा वॉर्ड शोधायला निघालेल्या माणसाला ही सेवा मायामीचं, म्हणजे त्याच्या शेवटच्या कॉलेजाचं, फिल्म देईल, इन्कार्नेट वर्डचं नाही.

अनुभवाच्या रकान्याबद्दलही थोडं. एनएफएलचा जुना कोच बिल पार्सेल्सचा नियम प्रसिद्ध आहे: क्वार्टरबॅक शेवटच्या वर्षाचा हवा, पदवी घेतलेला हवा, तीन वर्षं स्टार्टर (सामन्याच्या सुरुवातीपासून खेळणारा) हवा, २३ सामने जिंकलेला हवा. सेवेने हे चारही रकाने हौसेने दिलेत, हिरव्या खुणांसकट. पण कोविडमुळे मिळालेलं जादा वर्ष आणि कॉलेज बदलायची मोकळीक यांनंतर या नियमाची धार गेली. बो निक्सने कॉलेजात ६१ सामने सुरू केले. टायलर शक सात वर्षं, तीन कॉलेजं करून पंचविसाव्या वर्षी ड्राफ्टमध्ये ४० वा गेला. पर्डी आयोवा स्टेटमध्ये एकाच कोचच्या हाताखाली चार वर्षं खेळला, तो वेगळा अनुभव. तीन ठिकाणी दोन-दोन वर्षं खेळलेल्याला तीच हिरवी खूण मिळावी हे मला पटत नाही. हाताच्या मापाचा रकाना तर मी लपवूनच टाकला. २०२२ मध्ये केनी पिकेटच्या साडेआठ इंची हातावर महिनाभर चर्चा झाली, आणि त्याच ड्राफ्टच्या शेवटच्या नंबरवर पर्डी बसला होता.

मोबाइलवरचं ॲप टाळा. क्लिप अडकते आणि आवाज पुढे जातो. पैसे आपोआप कापले जातात, तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. वर्षभराचं घेण्यापेक्षा डिसेंबर ते एप्रिल घ्या. सप्टेंबरात पाहिलेलं एप्रिलपर्यंत कुणाच्या लक्षात राहतं?

नोत्र डामचा क्वार्टरबॅक रायली लेनर्डबद्दल मी वहीत लिहिलं होतं: ‘पळतो झकास, फेकतो कच्चा, सोडून दे.’ राष्ट्रीय अंतिम सामन्यात नोत्र डामची पहिली चाल १८ प्लेंची, पावणेदहा मिनिटांची होती, त्यात नऊ वेळा तो स्वतः बॉल घेऊन घुसला होता. मला ते हट्टीपणाचं वाटलं होतं. इंडियानापोलिसने त्याला १८९ वा घेतला. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स जायबंदी झाला, लेनर्ड आत गेला, आणि संघाने चक्क ४४ वर्षांच्या, निवृत्त झालेल्या क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्सला घरून बोलावून आणलं. तेव्हा मी लीगच्या ग्रुपवर ‘मी म्हटलं नव्हतं का’ असा मेसेज टाकला. मोसमाच्या शेवटच्या सामन्याला सुरुवात लेनर्डने केली. मेसेज तेव्हा काढून टाकला, पण सहा जणांनी स्क्रीनशॉट घेतले होते. आणि मी ज्याच्या चौथ्या डाऊनने झोप घालवली तो युअर्स, २३१ वा, एनएफएलच्या मायामी संघाने डिसेंबरात नेहमीच्या क्वार्टरबॅकला, टुआला, बसवून त्याला खेळवलं. तो माझ्या लीगमध्ये दुसऱ्याकडे आहे.

यंदा पुन्हा पैसे भरलेत, पाचच महिन्यांचे. एका छोट्या कॉलेजातला एक मुलगा यादीत आहे, नाव इथे लिहीत नाही, लीगमधले दोघे हे वाचतील. दबावात बॉल टाकून देतो, हे आतापर्यंत दिसलेल्या तीन सामन्यांत दिसलं. उरलेल्या आठ सामन्यांपुढे अजून ‘लवकरच’ लिहिलंय.