१४,८०० येनची पेटी

मी नागोयाजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी विभागात काम करते. दिवसभर हातात मायक्रोमीटर. एखादा भाग केसभर मापाबाहेर गेला की तो बाजूला काढायचा, याचाच मला पगार मिळतो. आणि तीच मी, पाण्याचा एक थेंबही ओतून न बघता, १४,८०० येन मोजून चहाचं भांडं घेतलं. आपल्या पैशांत आठ हजारांच्या वर. आईला खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

इकडे पुणे-चाकणकडून नोकरीसाठी आलेली बरीच मंडळी आहेत. परत जाताना काहीतरी अस्सल जपानी न्यावं म्हणून क्यूसूवर नजर असते सगळ्यांची. माझी फजिती त्यांच्या कामी यावी म्हणून लिहितेय.

क्यूसू म्हणजे हिरव्या चहाची मातीची छोटी किटली. हिची दांडी मागे नसते, तोटीशी काटकोन करून बाजूला निघते, दुधाच्या पातेल्याच्या दांडीसारखी. आत तोटीच्या तोंडाशी गाळणी. एका हाताने दांडी धरायची, त्याच हाताच्या अंगठ्याने झाकण दाबायचं आणि मनगट वळवून ओतायचं. आमचे काचो, म्हणजे विभागप्रमुख, दुपारी तीनला असा चहा ओततात. तीन कपांत थोडा थोडा, मग उलट्या क्रमाने पुन्हा थोडा थोडा, म्हणजे सगळ्यांना सारखाच कडक मिळतो. आणि शेवटी किटली उपडी धरून शेवटच्या थेंबाची वाट बघत बसतात. मला तर तो थेंब पडेपर्यंत दोन मेल टाकून व्हायचे.

घरी मी पहिल्यांदा सेन्चा, म्हणजे इथला रोजचा हिरवा चहा, केला तो आपल्या पद्धतीने. पाणी खळखळा उकळलं, पत्ती टाकली, वर झाकण ठेवलं. कडू जहर झाला. काचोंना सांगितलं तर ते म्हणाले, पाणी ७० अंश, फार तर ८०. उकळतं पाणी होजिचाला, म्हणजे भाजलेल्या पत्तीच्या चहाला. आणि पातेल्यात नको, क्यूसू घ्या.

इथे माझा अभ्यास सुरू झाला, आणि तोच मला नडला. काहीच ठाऊक नसतं तर मी सुपरमार्केटमधून हजार-दोन हजार येनची किटली उचलून मोकळी झाले असते. पण मी वाचलं की नागोया ज्यात आहे त्याच आयची प्रांतात तोकोनामे नावाचं कुंभारांचं गाव आहे, तिथे लोहयुक्त मातीची लाल क्यूसू होते, तिला शुदेई म्हणतात, १८५४ साली सुगिए जुमोन यांनी ती तिथे पहिल्यांदा घडवली. तिसरे यामादा जोझान या कुंभारांना १९९८ मध्ये जपान सरकारने क्यूसूसाठीच 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' मानलं, हेही वाचलं. त्यांच्या किटल्यांचे फोटो रात्री एक-एक वाजेपर्यंत बघत बसायचे. तेवढी किंमत परवडणं शक्यच नव्हतं, पण डोळ्याला तो लाल रंग लागला तो लागलाच.

मग जुन्या वस्तू विकायच्या एका अ‍ॅपवर ती दिसली. वर्णन मी भाषांतराच्या अ‍ॅपमधून वाचलं: 'तोकोनामे, शुदेई क्यूसू, किरी लाकडाची पेटी आहे. जुन्या घराच्या कोठारातून निघालेली. मी यातला जाणकार नाही, कृपया फोटो पाहून ठरवा. तक्रार नाही, परत घेणे नाही.' मला तो माणूस प्रामाणिक वाटला! स्वतःला जाणकार न म्हणवणारा विक्रेता आपल्याकडे कुठे भेटतो? आता विचाराल तर सांगते, जुन्या वस्तूंच्या जपानी जाहिरातीत 'मी जाणकार नाही' हे वाक्य दिसलं की पुढचं दुप्पट सावध होऊन वाचायचं. सगळे तसे नसतात, पण जाणकार नसल्याचा आव आणला की उद्या जबाबदारी झटकणं सोपं जातं.

फोटो आठ होते. पाच पेटीचे: झाकण, झाकणावरची कुंच्याने लिहिलेली वळणदार अक्षरं, लाल शिक्का, बांधायची नाडी, आतलं पिवळं कापड. किटलीचे तीनच, तिन्ही बाहेरून. गाळणीचा एक नाही. झाकण काढून आतला एक नाही. हे मी तेव्हा मोजलं नव्हतं, नंतर मोजलं.

पार्सल आलं. पेटी उघडली तर वर ते पिवळं फडकं. त्याला उकोन-नुनो म्हणतात, आणि उकोन म्हणजे चक्क हळद. चांगल्या भांड्यांना कीड-बुरशी लागू नये म्हणून हळदीत रंगवलेल्या कापडात गुंडाळायची इथली जुनी रीत आहे. आता बहुतेक कापडांना नुसता पिवळा रंग दिलेला असतो. मी मात्र ते नाकाला लावलं. हळदीचा वास त्याला नव्हताच, पण मला आला.

आणि त्याच आनंदात मी सगळ्यात मोठी चूक केली. या अ‍ॅपमध्ये आपण भरलेले पैसे लगेच विक्रेत्याला मिळत नाहीत. ते मधे अडकून राहतात. वस्तू मिळाली, ठीक आहे, असं आपण बटण दाबून सांगितलं की मगच सुटतात, आणि व्यवहार संपतो. त्या बटणाबरोबर विक्रेत्याला शेराही द्यायचा असतो. मी पेटी उघडून पाच मिनिटांत बटण दाबलं, 'फार सुंदर, मनापासून आभार' असं लिहिलं आणि मग चहाचं पाणी ठेवलं.

ओतायला लागले तर झाकणाखालून धार सुटली. तोटीतून थेंब-थेंब आणि झाकणाच्या कडेने माझ्या बोटांवर. मी डावखुरी, त्यामुळे उजव्या हाताच्या किटलीला मनगट उलटं पिळावं लागत होतं. आधी वाटलं, चूक माझ्या हाताची. उजव्या हाताने ओतून बघितलं, तेच. ओतणं थांबवलं तर तोटीच्या खालून ओघळ पोटापर्यंत. पुसायला कागदी रुमाल घेतला तर तो तांबूस झाला. गरम किटलीला बुटांच्या पॉलिशसारखा मेणचट वास येत होता. आणि आत, गाळणी म्हणून, भिंतीला पाडलेली नऊ भोकं. माझा चहा होता फुकामुशी, म्हणजे पत्ती जास्त वेळ वाफवलेला. त्यात बारीक चुरा फार असतो. तीन भोकं बुजली, बाकीच्यांतून सगळा गाळ कपात.

दुसऱ्या दिवशी पेटीसकट सगळं काचोंपुढे ठेवलं. त्यांनी आधी किटलीकडे बघितलंच नाही, पेटीचं झाकण उजेडात धरलं. मग दातांतून हवा आत ओढली. जपानी माणसाने असा आवाज काढला की बातमी वाईट आहे असं समजायचं.

"यावर युझामाशी लिहिलंय," ते म्हणाले.

युझामाशी म्हणजे चोच असलेला उघडा वाडगा. उकळतं पाणी निववायला त्यात ओततात आणि मग क्यूसूत घालतात. म्हणजे पेटी खरी होती, कुणा खऱ्या कुंभाराच्या सहीशिक्क्याची होती, पण होती दुसऱ्याच भांड्याची. ते भांडं फुटलं असेल किंवा वेगळं विकलं गेलं असेल. उरलेल्या पेटीत साधारण मापाची कुठलीही किटली बसवली की झालं. जुन्या वस्तूंच्या धंद्यात याला शब्दसुद्धा आहे, आवासेबाको, जुळवलेली पेटी. भांड्याची स्वतःची, घडवणाऱ्याने लिहून दिलेली पेटी असेल तर तिला तोमोबाको म्हणतात. जाहिरातीत तोमोबाको हा शब्द नव्हताच. 'पेटी आहे' एवढंच होतं. पेटी होती की!

मग त्यांनी किटली हातात घेतली. दांडीखाली ठसा होता, पण फक्त गावाच्या नावाचा, माणसाचा नाही. आत बोट घालून त्यांनी मला दाखवलं: दांडी जिथे अंगाला चिकटते तिथे आतल्या बाजूने खळगा होता. चाकावरच्या क्यूसूचं अंग, तोटी, दांडी, झाकण सगळं वेगवेगळं घडवून मग जोडतात, तिथे असा खळगा येत नाही. ही साच्यात पातळ माती ओतून एका दमात काढलेली. तोटीखाली साच्याचा जोड घासून टाकल्याची रेघ होती. भाजलेल्या शुदेईचा लाल रंग मातीतल्या लोहाचा असतो, तो रुमालाला लागायचं कारण नाही; हा वरून काहीतरी चोळून आणलेला. जोडाची रेघ शोधणं तर माझं रोजचं काम. कारखान्यात ती मला हातभर अंतरावरून दिसली असती.

विक्रेत्याला लिहिलं. तासाभरात अतिशय नम्र उत्तर आलं: फोटोत दिसते तीच वस्तू पाठवली आहे, पेटीवर काय लिहिलंय हेही फोटोत स्पष्ट आहे, आपला विरस झाला याबद्दल दिलगीर आहे. एक शब्द खोटा नाही. अ‍ॅपवाल्यांनी कळवलं की आपण वस्तू स्वीकारल्याचं सांगितल्याने व्यवहार पूर्ण झाला आहे. १८८ वर फोन केला. हा इथल्या ग्राहकांच्या तक्रारींचा देशभराचा नंबर, जवळच्या केंद्राशी जोडून देतात. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पण दोन खासगी माणसांमधल्या व्यवहाराला ग्राहक करार कायदा लागू होत नाही, त्यामुळे सल्ल्यापलीकडे काही करता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. सल्ला एकच होता: पुढच्या वेळी ते बटण घाईने दाबू नका.

घरी फोनवर आईला सांगितलं, आकडा सोडून. ती म्हणाली, "अगं, शंभर रुपयांचा माठ घेताना आपण वाजवून बघतो. तांबट आळीत घागर घेतली तर तिथेच पाणी भरून बघायचो. तू पाणी नाही घातलंस?"

नाही घातलं. पेटी वाचत बसले, तीही वाचता येत नसताना.

पुढच्या शनिवारी तोकोनामेला गेले. पुण्याला जाताना दर वेळी याच गावातून माझी गाडी जाते. विमानतळ तिथून फक्त दोन स्टेशनं पुढे. तीन वर्षांत एकदा उतरले नव्हते. जपानच्या सहा जुन्या भट्ट्यांमधलं हे एक गाव. दोकानझाका नावाची चढण आहे, तिच्या एका बाजूच्या भिंतीत मातीचे जुने नळ आणि दुसऱ्या बाजूला दारूचे मातीचे बुधले रचलेत. फोटो सगळे तिथेच काढतात. मी काढला नाही, दुकानं शोधत होते.

एका छोट्या दुकानातल्या आजींना म्हटलं, मला पहिली क्यूसू घ्यायची आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कोणत्या हाताने ओतता? दुसरा, किती जण पिता? तिसरा, पत्ती कुठली? फुकामुशी म्हटल्यावर त्यांनी मातीच्या गाळणीच्या दोन सुंदर किटल्या बाजूला सारल्या आणि जिच्या आत बारीक पोलादी जाळी गोल फिरवलेली असते ती पुढे केली. दिसायला कमी देखणी, पण चुरा अडवते. जाड पत्ती पीत असाल तर मातीची गाळणी घ्या, म्हणाल्या. मग मोरीशी नेऊन पाणी भरलं, झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं आणि ओतायला लावलं. धार थांबली. बोट काढलं, सुरू झाली. झाकण नीट घासून बसवलेलं असेल तर असं होतं. ओतून झाल्यावर तोटीखालून बोट फिरवलं, कोरडं.

२८० मिलिलिटरची, डाव्या हाताची, ३,८०० येन. तीही साच्यातलीच, आणि हे आजींनी न विचारता सांगितलं. साच्याची किटली वाईट नसते, रोजच्या वापरातल्या कितीतरी तशाच असतात. साच्याची वस्तू हाताच्या किमतीला विकणं, तेही दुसऱ्याच्या पेटीत घालून, तिथे फसवणूक आहे. पेटी मागितली तर आजी म्हणाल्या, रोज वापरणार ना? आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

जुनी किटली गॅलरीत आहे, तिच्यात पुदिना लावलाय. पेटी फेकवत नाही, लाकूड खरंच सुरेख आहे.

गेल्या आठवड्यात त्याच विक्रेत्याची नवी जाहिरात दिसली. लाल क्यूसू, पिवळं फडकं, पेटी आहे, जाणकार नाही. या वेळी मी झाकणाचा फोटो मोठा करून बघितला. एवढ्या महिन्यांत काचोंच्या कृपेने थोडी अक्षरं लागायला लागली आहेत. पेटीवर काशिबाची लिहिलं होतं, मिठाईचा वाडगा. मी खाली तेवढंच विचारलं, पेटी वाडग्याची आहे का? दहा मिनिटांत माझा प्रश्न पुसला गेला. अ‍ॅपकडे तक्रार केली, पोच आली. संध्याकाळी पुन्हा बघितलं तर फोटोच्या कोपऱ्यात 'विकले गेले' अशी लाल पट्टी चढली होती.