फुफ्फुसात पसरलंय का: छातीचा सीटी करायचा की पेट स्कॅन?

मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. नंतर छातीच्या सीटीत उजव्या फुफ्फुसात ५ मिमीची एक बारीक गाठ निघाली. गोव्यात वाळपईहून बांबोळीच्या इस्पितळाच्या फेऱ्या चालूच होत्या, त्यात घरी येणारा प्रत्येक जण सांगायचा, ‘पेट करून टाका, एकदाच काय ते कळेल.’ फुफ्फुसाच्या बारीक गाठींना हे लागू पडत नाही, म्हणून लिहिते आहे.

सीटी गाठीचा आकार दाखवतो. श्वास रोखून, पातळ कापांचा काढला तर २-३ मिमीचा ठिपकाही सहसा सुटत नाही. नुसत्या गाठी शोधायच्या असतील तर शिरेतून डायसुद्धा लागत नाही. पेटमध्ये एफडीजी नावाची किरणोत्सर्गी साखर देतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून ती जागा चमकते. पण हे चित्र काही मिनिटं, श्वास चालू असतानाच घेतलं जातं. फुफ्फुस वरखाली होतं आणि बारीक गाठीची चमक फिसकटते, डायफ्रॅमजवळ, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याजवळ, तर फारच. म्हणून साधारण ८ मिमीच्या खालच्या गाठीबद्दल पेटवर भरवसा ठेवत नाहीत. मावशीची गाठ चमकली नसती, तरी आम्हाला निश्चिंत होता आलं नसतं. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा सीटी सांगितला. ते तीन महिने फार जड गेले. गाठ तेवढीच निघाली.

पेट-सीटीच्या नावात सीटी आहे, म्हणून छातीचा वेगळा सीटी नकोच, असंही धरून चालू नका. त्यातला सीटी बऱ्याचदा कमी किरणांचा आणि संथ श्वासावर काढलेला असतो. ‘छातीचा श्वास रोखून वेगळा काढणार का?’ एवढं नक्की विचारा.

मग पेट कधी? गाठ सेंटिमीटरभर किंवा मोठी असेल, छातीच्या मधल्या भागातल्या लसिका ग्रंथी, यकृत, हाडं एकाच वेळी बघायची असतील, किंवा मोठ्या ऑपरेशनआधी आजार आणखी कुठे आहे का ते ठरवायचं असेल, तेव्हा. मूळ कॅन्सर फुफ्फुसाचाच असेल तर माझं मत पेटच्या बाजूने आहे. पण चमकलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. टीबी चमकतो, न्यूमोनिया चमकतो, बुरशीचा संसर्गही चमकतो. उपचार बदलण्याएवढं काही दिसलं तर बायोप्सीला नाही म्हणू नका. उलट कार्सिनॉइडसारखे काही संथ ट्यूमर चमकतच नाहीत.

थायरॉइडच्या कॅन्सरची गोष्ट वेगळी. तिथे आयोडीन-१३१ चा, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनचा स्कॅन कधीकधी सीटीत न दिसलेला फुफ्फुसातला प्रसारही दाखवतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पीएसएमए पेट असतो, तो साखरेऐवजी त्या पेशींवरचं पीएसएमए नावाचं प्रथिन शोधतो. बोन स्कॅन मात्र हाडांसाठी, त्यावरून फुफ्फुसाचा निकाल लावू नये.

आता तयारी. सीटीला फारसं काही लागत नाही, पण पेटचा दिवस नीट आखावा लागतो. आधी चार ते सहा तास पोटात काही नको. सकाळची पेजसुद्धा नको, फक्त पाणी. रक्तातली साखर २०० च्या आत असावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते आदल्या दिवशीच सांगा, मनाने बंद करू नका. इंजेक्शननंतर तासभर बोलणं नाही, फोन नाही, शांत पडून राहायचं. एफडीजीमधलं फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे डोस घड्याळावर मागवलेला असतो. सत्तरी-पेडण्यासारख्या लांबच्या तालुक्यांतून येणाऱ्यांनी सकाळच्या बसच्या भरवशावर राहू नये, जमलं तर आदल्या रात्रीच जवळपास मुक्कामाला यावं. त्या दिवशी गरोदर बायका आणि तान्ह्या मुलांपासून रुग्णाला काही तास लांब ठेवा.

आणि जुन्या सीटीची सीडी बरोबर न्या, नुसता रिपोर्ट नको. ५ मिमीची गाठ ७ झाली की ५ च राहिली, हे चित्रं शेजारी लावूनच ठरतं. आम्ही पहिल्यांदा सीडी घरी विसरलो आणि अख्खी एक फेरी फुकट गेली.