डीएमनंतर पुढे काय: भारतातील एफएनबी की अमेरिकेतील फेलोशिप?

इंटरव्हेन्शनल कार्डिओलॉजीची (नळीद्वारे हृदयावर उपचार करण्याच्या शाखेची) एफएनबी, म्हणजे राष्ट्रीय बोर्डाची फेलोशिप, डीएम किंवा डीआरएनबी कार्डिओलॉजी या हृदयरोगातील सुपरस्पेशालिटी पदव्यांनंतर २ वर्षांची असते, तर अमेरिकेतील मान्यताप्राप्त फेलोशिप १ वर्षाची. पण तिच्याआधी साधारणपणे इंटर्नल मेडिसिनची ३ आणि कार्डिओलॉजीची ३ वर्षे तेथेच काढावी लागतात, हे विसरून केलेली तुलना फसवी ठरते. तेथे तज्ज्ञ म्हणून प्रमाणित करणाऱ्या बोर्डाच्या परीक्षेस बसण्यासाठी किमान २५० उपचारात्मक प्रक्रियांचा अनुभव लागतो. आपल्याकडे डीएम झालेले डॉक्टर अँजिओप्लास्टी करतातच, त्यामुळे एफएनबीचे खरे मोल हृदयाच्या मुख्य डाव्या धमनीतील, धमनीला फाटा फुटतो त्या दुभाजनाजवळच्या किंवा कॅल्शियमने कडक झालेल्या अडथळ्यांवर हात बसण्यात आहे. भारतातच राहायचे असेल, तर मी एफएनबीच निवडेन. मात्र कॅथलॅबमध्ये (अशा प्रक्रिया होतात त्या कक्षात) स्वतःच्या हाताने किती काम मिळते, हे आधीच्या फेलोंना विचारूनच.