लिली पाइप साफ करायचा: ब्रश की ब्लीच?

फिश टँकच्या काचेच्या लिली पाइपवर (फिल्टरचं पाणी टँकमध्ये आत-बाहेर नेणारा वळणदार पाइप) दोन वेगळे थर बसतात. हिरवा-तपकिरी थर शेवाळाचा, पांढरा क्षाराचा. नागपुरात बोअरच्या पाण्यावर टँक असेल तर दुसरा हमखास.

स्प्रिंगचा लवचिक ब्रश ताज्या शेवाळाला पुरतो, रसायन लागत नाही. पण काच फुटते ती इथेच: वळणावर ब्रश अडला की लोक जोर लावतात. पाइप ओला ठेवा, दोन्ही टोकांकडून अर्ध्यापर्यंतच घाला. त्याआधी पाइपला जोडलेली फिल्टरची नळी काढताना जोराने ओढू नका; तिचं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा, रबर सैल होतं.

ब्लीच वळणातलं जुनं शेवाळही काढतं. पाइप काचेला चिकटवणारे रबरी कप आधी काढा. 1 लिटर पाण्यात साधं घरगुती ब्लीच 50 मिली, पाइप अर्धा तास बुडवा. नंतर तीन-चार वेळा धुऊन दुप्पट मात्रेच्या डीक्लोरिनेटरमध्ये (पाण्यातला क्लोरीन निकामी करणारं द्रावण) 15 मिनिटं. क्लोरीनचा वास राहिला तर पुन्हा. उरलेला क्लोरीन मासे मारतो. मे महिन्याच्या उकाड्यात ब्लीच लवकर निकामी होतं, म्हणून जुनी बाटली वापरून ‘काम करत नाही’ म्हणू नका.

क्षारावर मात्र दोन्ही हरतात. त्याला व्हिनेगर किंवा लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, तासभर. ब्लीच पूर्ण धुतल्याशिवाय आम्ल कधीच नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आठवड्याला ब्रश फिरवत असाल तर ब्लीचची वेळ क्वचितच येते. आम्ही ब्रशच निवडू.